पाटीवरच्या पहिल्या अक्षराआधी

मुलाला वाचायला नेमके केव्हा शिकवावे, हा प्रश्न तीन-चार वर्षांचे मूल असलेल्या प्रत्येक घरात विचारला जातो, आणि त्याच्या पोटात बहुधा दुसरा एक प्रश्न दडलेला असतो: शेजारचे मूल सगळी मुळाक्षरे घडाघडा म्हणते, मग आपलेच का मागे? कोलकात्यात या प्रश्नाला वर्षातला एक ठरलेला दिवसही लाभला आहे. वसंत पंचमीला, सरस्वतीपूजेच्या सकाळी, लहान मुलाचा हात धरून पाटीवर खडूने पहिली अक्षरे गिरवून घेतली जातात आणि या विधीला ‘हातेखडि’ म्हणतात. महाराष्ट्रात दसऱ्याच्या पाटीपूजनाला जो मान आहे, तोच तिथे हातेखडीला आहे. विधी सुंदर आहे, परंतु त्यातून पालकांच्या मनात एक समजूत पक्की होते, की वाचनाचा आरंभ त्या दिवशी झाला आणि त्यापूर्वीची तीन-चार वर्षे केवळ वाट पाहण्याची होती. बालभाषेच्या आणि वाचनाच्या अभ्यासाने गेल्या पन्नासएक वर्षांत जे हाती लागले आहे, ते या समजुतीच्या नेमके उलट आहे.

1. वाचन हे एक काम नसून दोन आहेत

1986 साली फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी वाचनाची एक साधी मांडणी केली. त्यांच्या मते वाचनाचे आकलन दोन क्षमतांच्या गुणाकाराने ठरते: छापील चिन्हांवरून शब्दाचा उच्चार ओळखता येणे ही पहिली, आणि तो शब्द कानांनी ऐकला असता कळणे ही दुसरी. बेरीज न म्हणता गुणाकार म्हणण्याला कारण आहे. दोहोंपैकी एक जरी शून्य असेल, तर दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच येते.

एक उदाहरण घेऊ. पहिलीतल्या मुलीने ‘आजीने अडकित्ता फडताळात ठेवला’ हे वाक्य एकेक अक्षर जोडत बिनचूक वाचले, पण अडकित्ता आणि फडताळ हे शब्द तिने कधी ऐकलेच नसतील, तर आजीने काहीतरी कुठेतरी ठेवले एवढेच तिच्या हाती लागेल. उलट तिच्याच वयाच्या एखाद्या मुलाला आजीच्या बोलण्यामुळे दोन्ही शब्द ठाऊक असतील आणि अक्षरे मात्र येत नसतील, तर त्याच्यासाठी ते वाक्य म्हणजे कागदावरच्या रेघोट्या राहतील. पहिल्या मुलीची अडचण कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ती मोठ्याने वाचते आणि मोठ्याने वाचणे म्हणजेच वाचणे, असा घरातला आणि पुष्कळदा शाळेतलाही हिशेब असतो. तिसरी-चौथीत इतिहास-भूगोलाचे धडे सुरू झाले म्हणजे हीच मुलगी अचानक मागे पडल्यासारखी दिसते. अक्षरज्ञान हा नळ मानला तर बोलीभाषा ही गच्चीवरची टाकी आहे, आणि टाकी भरण्याचे काम जन्मापासून सुरू झालेले असते.

2. टाकी कशी भरते

तान्ह्या बाळाला भाषा कळत नाही, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. 1984 साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी इंग्रजीभाषक घरांतील बाळांना हिंदीतला दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ ऐकवून पाहिले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना तो कळला, कारण त्यांच्या घरच्या भाषेत त्या फरकाला काही काम नव्हते. याचा अर्थ असा, की पहिल्या वाढदिवसाच्या आतच बाळाचे कान भोवतालच्या भाषेच्या मापाने बसू लागतात. त्या काळात त्याच्याशी कोणी बोलले की नाही, याला म्हणूनच महत्त्व आहे.

किती बोलावे, याविषयी मात्र सावधपणे बोलावे लागते. बेटी हार्ट आणि टॉड रिझली यांनी अमेरिकेतील 42 कुटुंबांचा दीर्घकाळ अभ्यास करून 1995 साली असे मांडले, की सुस्थितीतल्या आणि गरीब घरांतील मुलांच्या कानांवर पडणाऱ्या शब्दांत चौथ्या वर्षापर्यंत तीन कोटींचा फरक पडतो. हा आकडा जगभर गाजला आणि त्यावर टीकाही तितकीच झाली: कुटुंबे मोजकी होती, आणि आजी-आजोबा, भावंडे, शेजारी यांचे आसपास चाललेले बोलणे हिशेबात पुरेसे धरले गेले नव्हते. भारतीय घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही टीका चटकन पटेल. पुढे 2018 साली रेचेल रोमियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा नुसत्या ऐकलेल्या शब्दांच्या संख्येपेक्षा मूल आणि मोठे माणूस यांच्यातील बोलण्याच्या देवाणघेवाणीशी भाषेचा संबंध अधिक घट्ट आढळला. दूरदर्शन संच दिवसभर चालू ठेवून मुलाची भाषा वाढत नाही, याचे कारणही हेच, की तो संच मुलाचे उत्तर ऐकून घेत नाही.

देवाणघेवाण म्हणजे काय, हे कोलकात्यातल्याच एका प्रसंगाची कल्पना करून पाहता येईल. मैदानाच्या कडेने ट्राम जात आहे आणि दोन वर्षांचे मूल ओरडते, “आई, गाडी!” आईने “हं” म्हटले तर संभाषण तिथेच संपते. “काय आहे ते? सांग बघू, ट्राम म्हण, ट्राम,” असे म्हटले तर परीक्षा सुरू होते. परंतु “हो रे, ट्रामगाडी! रुळांवरून चालली आहे. घंटा कशी वाजते तिची?” असे म्हटले, तर मुलाच्या एका शब्दाला तीन नवे शब्द जोडले जातात, वाक्याचा नमुना मिळतो आणि मुलाला उत्तर द्यायला जागाही राहते. मूल “टण टण” म्हणते; आई म्हणते, “टण टण घंटा वाजली की लोक बाजूला होतात.” यात कोणतेही साधन नाही, खर्च नाही, आणि दिवसातला वेगळा वेळही नाही, फक्त मुलाने जिथे बोट दाखवले तिथे मोठ्या माणसाने पाहणे, आणि विचारल्यावर थोडे थांबणे, एवढेच आहे. हे थांबणेच बहुतेकांना जमत नाही.

3. यमक, टाळी आणि शब्दाचे तुकडे

बोलता येणे आणि बोललेल्याकडे आवाज म्हणून पाहता येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. चार वर्षांच्या मुलाला ‘कपाट’ म्हणजे काय ते ठाऊक असते, पण त्या शब्दातला ‘क’ काढला तर ‘पाट’ उरतो हे सुचण्यासाठी अर्थ बाजूला ठेवून ध्वनी ऐकावा लागतो. या जाणिवेला ध्वनिभान म्हणतात. 1983 साली ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी सुमारे 400 मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेऊन दाखवले, की चार-पाच वर्षांच्या वयात ज्यांना यमक आणि आरंभीचा समान ध्वनी चांगला ओळखता येतो, ती मुले पुढे वाचनात सरस ठरतात.

भारतीय लिप्यांच्या बाबतीत हे भान आधी अक्षराच्या पातळीवर येते. ‘टमाटा’ म्हणताना तीन टाळ्या वाजवणे, ‘वाटी, पाटी, फुगा’ यांतला जोडी न जुळणारा शब्द हेरणे, ‘म’ने सुरू होणाऱ्या वस्तू स्वयंपाकघरात शोधणे, हे खेळ चार वर्षांच्या मुलाला सहज जमतात आणि त्यांसाठी एकही अक्षर ओळखावे लागत नाही. ‘म’ या अक्षरात ‘म्’ आणि ‘अ’ असे दोन ध्वनी आहेत, ही अधिक बारीक जाणीव मात्र बहुधा वाचायला शिकता शिकताच येते. तिच्यासाठी बालवाडीत अट्टाहास करण्याचे कारण नाही.

ताल-यमकांच्या बाबतीत बंगाली घराइतके समृद्ध घर क्वचितच सापडेल. ‘छडा’ म्हणजे लहान मुलांसाठीची तालबद्ध, यमकांची, पुष्कळदा निरर्थक वाटणारी पद्ये. ती आज्यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या होती. रवींद्रनाथ ठाकुरांनी ती गोळा केली आणि त्यांवर गंभीरपणे लिहिले. ते लेखन 1907 च्या ‘लोकसाहित्य’ या पुस्तकात आहे. योगींद्रनाथ सरकारांनी 1899 साली ‘खुकुमणिर छडा’ हा त्यांचा मोठा संग्रह छापला. मराठी वाचकाला गंमत वाटेल आणि थोडा संकोचही होईल अशी गोष्ट म्हणजे, बंगालमधल्या सर्वांत प्रसिद्ध अंगाईत मुलाला झोपवताना भीती दाखवली जाते ती बर्गींची, म्हणजे 1742 पासून जवळजवळ दहा वर्षे बंगालवर स्वाऱ्या करणाऱ्या नागपूरकर भोसल्यांच्या घोडेस्वारांची. इतिहासाचे ओझे काहीही असो, ऐकणाऱ्या बाळाला त्यातून ताल आणि यमकच मिळत आले.

4. अक्षरांचा डोंगर आणि तीन पुस्तके

इंग्रजीला 26 अक्षरे पुरतात, मग आपल्या मुलांना इतका वेळ का लागतो, असे पालक विचारतात. याचे उत्तर लिपीतच आहे. मराठीत सुमारे 34 व्यंजने धरली आणि प्रत्येकाची बाराखडी मांडली, तर 400 च्या वर रूपे होतात, आणि जोडाक्षरे त्याहून वेगळी. कन्नड मुलांवर केलेल्या सोनाली नाग यांच्या अभ्यासातून दिसले, की अशा लिपीतील अक्षरसंच आत्मसात होण्यास प्राथमिक शाळेची कित्येक वर्षे लागतात. म्हणजे पहिलीच्या अखेरीस मूल जोडाक्षरांपाशी अडखळत असेल, तर तो आळस नव्हे आणि बहुधा दोषही नव्हे.

बंगाली लिपीत आणखी काही वळणे आहेत. मराठीत व्यंजनाच्या आधी लिहिली जाणारी मात्रा एकच, ऱ्हस्व इकाराची. ‘कि’ म्हणताना कानाला ‘क’ आधी भेटतो, पण डोळ्याला वेलांटी आधी दिसते. बंगालीत ऱ्हस्व इ, ए आणि ऐ या तिन्ही मात्रा अक्षराच्या डावीकडे येतात, आणि ओ व औ या मात्रा तर अक्षराच्या दोन्ही बाजूंना बसतात. शिवाय श, ष आणि स ही तीन अक्षरे बहुतेक शब्दांत सारखीच उच्चारली जातात, त्यामुळे त्यांना नावाने ओळखावे लागते. लिहिले जाते ‘लक्ष्मी’ आणि म्हटले जाते ‘लोक्खी’. लिहिले जाते ‘पद्म’ आणि म्हटले जाते ‘पद्दो’. नेमक्या अशा ठिकाणी बोलीभाषा अक्षरांच्या मदतीला धावते. ज्या मुलाने घरच्या पूजेत ‘लोक्खी’ हा शब्द शेकडो वेळा ऐकला आहे, ते वाक्याच्या संदर्भावरून तो शब्द पकडते आणि मग त्याचे अवघड लेखन लक्षात ठेवते. ज्याने ऐकलेला नाही, त्याला हाती धरायला काहीच नसते. मराठीतही ‘चाक’ आणि ‘चिमणी’ यांतल्या ‘च’चे उच्चार वेगळे आहेत, आणि मूल ते लिपीवरून नव्हे, कानावरून ओळखते.

हा डोंगर मुलांना कसा चढवावा, याचा विचार कोलकात्यात दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला आहे, आणि तो तीन पुस्तकांतून वाचता येतो. पहिले पुस्तक ईश्वरचंद्र विद्यासागरांचे ‘वर्णपरिचय’. त्याचा पहिला भाग एप्रिल 1855 मध्ये आणि दुसरा त्याच वर्षी जूनमध्ये निघाला. विद्यासागरांनी बंगालीत ज्यांचा उपयोगच नव्हता असे दीर्घ ऋ आणि दीर्घ लृ हे स्वर वगळले, प्रत्यक्ष बोलण्यात असलेल्या ध्वनींना स्वतंत्र अक्षरे दिली आणि वर्णमाला 12 स्वर व 40 व्यंजने अशी बसवली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी क्रम लावला: पहिल्या भागात जोडाक्षरे नाहीत, ती सगळी दुसऱ्या भागात येतात. सोप्याकडून अवघडाकडे जाण्याची ही शिस्त आजही कोणाला मोडता आलेली नाही. पुस्तकातला उपदेश मात्र जड आहे. आज्ञाधारक गोपाळ आणि उनाड राखाल यांची जोडी बंगाली मुलांच्या पिढ्यांना पाठ आहे, आणि दुसऱ्या भागात चोरीची सवय लागलेल्या भुवनला थेट फाशीपर्यंत नेलेले आहे. पाच वर्षांच्या वाचकाला एवढा धाक कशासाठी, असे आज वाटल्यावाचून राहत नाही.

दुसरे पुस्तक योगींद्रनाथ सरकारांचे ‘हासिखुशि’, 1897 सालचे. त्यात प्रत्येक अक्षराला चित्र आणि यमकाची ओळ मिळाली, म्हणजे छड्याची जुनी ताकद अक्षरांच्या कामाला जुंपली गेली. तिसरे रवींद्रनाथांचे ‘सहज पाठ’, 1930 साली प्रसिद्ध झालेले, नंदलाल बोस यांच्या चित्रांनी सजलेले. त्यात अक्षरांनाच जिवंत करून कामाला लावले आहे आणि नीतीचे धडे जवळजवळ नाहीत. याचे एक मूळ रवींद्रनाथांच्या स्वतःच्या बालपणात असावे. ‘जीवनस्मृति’ या आत्मकथनात त्यांनी लिहिले आहे, की सुटे शब्द वाचण्याच्या वादळातून बाहेर पडून पाणी पडण्याचे आणि पाने हलण्याचे इवलेसे वाक्य त्यांना भेटले, तेव्हा ते त्यांना आयुष्यातली पहिली कविता वाटली आणि तिचे यमक पुस्तक मिटल्यावरही मनात वाजत राहिले. अक्षरांचा उलगडा आणि अर्थ एकत्र आले, तो हा क्षण. विद्यासागरांचा क्रम आणि रवींद्रनाथांचा आनंद यांतले एक निवडा, अशा धर्तीचा वाद जगभर झाला. चांगल्या शिक्षिकेने मात्र दोन्ही घेतले.

महाराष्ट्रात फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी वाचनासाठी जो मार्ग वापरला, त्यातही हा मेळ दिसतो: वर्णमालेच्या क्रमाने सगळी अक्षरे घोकण्याऐवजी मोजकी अक्षरे घ्यायची आणि लगेच अर्थपूर्ण शब्द करायचे. उदाहरणार्थ, क, म, ल, ब आणि काना एवढेच शिकवले, तरी काका, मामा, बाबा, काम, माल, लाल, कमल, बालक इतके शब्द मुलाला वाचता येतात. ‘ज्ञ’पर्यंत पोहोचेपर्यंत एकही शब्द न वाचणारे मूल कंटाळते, यात त्याची चूक नाही.

5. एका घरात दोन-तीन भाषा

कोलकात्यातल्या मराठी कुटुंबांपुढे यापुढचा प्रश्न असतो. घरात मराठी, खाली अंगणात बंगाली, शाळेत इंग्रजी आणि रस्त्यावर हिंदी, अशा स्थितीत मुलाचा गोंधळ होईल म्हणून पुष्कळ पालक मराठी आवरती घेतात. मराठी आवरण्याचा सल्ला, तो कोणीही दिलेला असो, बहुतेक वेळा चुकीचा असतो. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे एकेका भाषेतले शब्द सुरुवातीला कमी भरू शकतात, परंतु दोन्हींची एकत्र मोजणी केली तर ते सामान्यतः एकभाषक मुलाच्या मागे नसते. तसेच एका भाषेत मिळालेली गोष्ट सांगण्याची, कारण देण्याची, वर्णन करण्याची क्षमता दुसऱ्या भाषेच्या उपयोगी पडते, असे प्रतिपादन जिम कमिन्स यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस केले, आणि त्याला पुढे चांगला आधार मिळाला.

चुका होतात, आणि त्या नियमाने होतात. बंगालीत व्याकरणिक लिंग नाही आणि क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही. मराठीत तीन लिंगे आहेत. त्यामुळे दिवसाचा बराच भाग बंगालीत घालवणारे मूल “ताई आला” किंवा “पुस्तक पडली” म्हणू शकते. त्यावर हसणे किंवा पुन्हा म्हणायला लावणे हे दोन्ही उपाय मुलाला गप्प करतात. “हो, ताई आली! आणि काय घेऊन आली?” असे उत्तर दिले, की बरोबर रूप कानांवर पडते आणि बोलणेही पुढे चालते. लिपीच्या बाबतीत तर ओझे वाटते त्याहून कमी आहे, कारण बंगाली आणि देवनागरी दोन्ही ब्राह्मीच्याच कुळातल्या असून वर्णमालेचा क्रम आणि मात्रांची पद्धत एकच आहे. एकीत ती पद्धत उमगली, की दुसरीत मुख्यतः आकार नवे असतात. सखाराम गणेश देऊस्करांचे उदाहरण या संदर्भात आठवते. देवघरजवळच्या मराठी घरात 1869 साली जन्मलेल्या या लेखकाने 1904 साली ‘देशेर कथा’ हे गाजलेले पुस्तक लिहिले ते बंगालीत.

6. पुस्तक कसे वाचून दाखवावे

रोज पंधरा मिनिटे वाचून दाखवावे, हे सर्वांना ठाऊक असते. कसे, याकडे कमी लक्ष जाते. 1988 साली ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालकांना वाचनाची एक निराळी रीत शिकवली, तेव्हा महिनाभरातच त्या मुलांच्या बोलण्यात फरक पडला. रीत अशी, की मोठ्या माणसाने नुसते वाचत सुटायचे नाही. चित्रावर प्रश्न विचारायचा, मुलाचे उत्तर थोडे वाढवून परत द्यायचे आणि हळूहळू गोष्ट त्याच्याकडून सांगून घ्यायची. उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या ‘टुनटुनिर बोई’तली (1910) शिंपी पक्ष्याची गोष्ट असो किंवा मराठी घरातली चिऊ-काऊची, पहिल्या दिवशी “चिऊचं घर कशाचं होतं?” एवढे पुरते, चौथ्या-पाचव्या दिवशी “काऊला दार लवकर का उघडलं नाही?” असे विचारता येते; त्यानंतर मूल स्वतःच सांगू लागते. तीच गोष्ट पुन्हा हवी, हा हट्ट पुरवावा, कारण नव्या शब्दाला अनेकदा भेटल्याशिवाय तो आपलासा होत नाही. वाचताना कधीमधी ओळीखाली बोट फिरवले, तर छापलेल्या खुणा आणि बोललेले शब्द यांचा संबंध शिकवणीवाचून कळतो. पुस्तके महाग वाटत असतील तर कोलकात्यात कॉलेज स्ट्रीटवर जुनी मिळतात, आणि तीही नसतील तर दुकानांच्या पाट्या, बसवरची नावे आणि बिस्किटाचा पुडा वाचायला फुकट आहेत.

एका गोष्टीत मात्र वाट पाहू नये. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडणी नसेल, हाकेला प्रतिसाद मिळत नसेल किंवा आलेले बोलणे मागे पडत असेल, तर “मुलगे उशिराच बोलतात” किंवा “दोन भाषांमुळे होतं” अशी समजूत घालून घेऊ नये, कारण यातल्या काही मुलांना मुळात नीट ऐकूच येत नसते. श्रवण आणि वाणी यांसाठी असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेचे मुख्यालय मुंबईत वांद्र्याला आहे आणि तिचे प्रादेशिक केंद्र कोलकात्यात बनहुगळी येथे आहे. अशी शंका आल्यास शिकवणी लावण्यापूर्वी पालकांनी मुलाच्या कानांची तपासणी करून घ्यावी.